पित्ताची गोळी: चालू कशासाठी झाली आणि थांबवायची कधी

आजचा विषय बहुतेक तुमच्या घरातच पडलेला आहे. फ्रीजवरच्या औषधांच्या डब्यात बघा, आईच्या पर्समध्ये बघा, नाहीतर तुमच्याच लॅपटॉपच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. पॅन, पॅन-डी, ओमेझ, रॅझो. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण कुळ एकच: प्रोटॉन पंप इनहिबिटर. पुढे मी नुसतं पीपीआय म्हणेन, नाहीतर भाग दीड तासाचा होईल.

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. बी.टेक. करून कोड लिहिते. या विषयात शिरले ते घरातल्या दोन प्रकरणांमुळे, ती दोन्ही पुढे येतीलच. आणि हा भाग ऐकता ऐकता कुणाला आपली चालू गोळी बंद करावीशी वाटली, तर प्लीज मामाच्या किश्श्यापर्यंत थांबा.

आधी शब्दाकडे बघू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. मराठीत आपण "पित्त झालंय" म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? छातीत जळजळ होतेय, ते पित्त. घशाशी आंबट पाणी आलं, ते पित्त. अंगावर गांधी उठल्या, तेही पित्तच. सकाळपासून अर्धं डोकं ठणकतंय, उजेड नको वाटतोय, मळमळतंय, मग बेसिनपाशी जाऊन घशात बोटं घालून उलटी काढली की बरं वाटतं, त्यालाही आपण पित्त म्हणतो. आयुर्वेदातलं पित्त वेगळं, यकृतात तयार होणारा पित्तरस वेगळा आणि जठरातलं आम्ल वेगळं. आपल्या बोलण्यात मात्र सगळं एकाच पिशवीत.

आता पीपीआय यातलं काय करतं? फक्त एकच काम. जठरातलं आम्ल कमी करतं. बस. अंगावरच्या गांधी म्हणजे ॲलर्जीचा प्रकार, त्याचा जठराशी संबंध असेलच असं नाही. अर्ध्या डोक्याचं दुखणं, मळमळ आणि उजेडाचा त्रास हे तिन्ही एकत्र आणि वारंवार होत असेल तर ते बऱ्याचदा मायग्रेन असतं. आणि "गॅस झालाय" म्हणून जी पॅन-डी घेतली जाते, तिच्याबद्दल तर काय बोलावं. पोट फुगणं, वारा सरणं हे आतड्यातल्या हवेचं प्रकरण. आम्लाचा पंप बंद करून हवा कमी होत नाही. मेडिकलवाला मात्र गॅस म्हणा, पित्त म्हणा, ॲसिडिटी म्हणा, तीच स्ट्रिप पुढे करतो. खरं तर त्या स्ट्रिपवर लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, असा तिचा अर्थ. ती रेघ आपण सगळ्यांनी मिळून पॅकिंगचं डिझाइन ठरवून टाकलीय.

बरं, हा पंप आहे काय? मला स्वतःला हा भाग फार आवडतो, त्यामुळे जरा रेंगाळते.

जठराच्या अस्तरात पॅरायटल नावाच्या पेशी असतात. या पेशी हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, बाहेर ढकलतात आणि बदल्यात पोटॅशियम आत घेतात. हे काम करणारं प्रथिन म्हणजे प्रोटॉन पंप. रक्ताचा पीएच साधारण ७.४ आणि पेशीच्या ज्या अरुंद घडीत आम्ल सोडलं जातं तिथला १ च्या आसपास. पीएचचं गणित दहाच्या पटीत चालतं, म्हणजे फरक दहा लाख पटींहून जास्त. एवढ्या चढावर प्रोटॉन ढकलत न्यायचे म्हणजे ऊर्जा लागते, म्हणून या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात. जेवण आलं की निरोप जातात: गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन, हिस्टामिन, आणि मज्जातंतूंकडून ॲसिटिलकोलीन. निरोप मिळाले की पेशीत आत पडून असलेले पंप पृष्ठभागावर येतात आणि कामाला लागतात.

पूर्वीची औषधं काय करायची? जेलुसिल, डायजिन, खायचा सोडा ही सगळी अँटासिड. तयार झालेलं आम्ल मारतात. नळ चालू आणि आपण फरशी पुसतोय, असा प्रकार. मग १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन आलं. जेम्स ब्लॅक यांनी हिस्टामिनचा निरोपच अडवायची युक्ती काढली. पुढे त्याच घराण्यातलं रॅनिटिडीन, आपल्याकडचं रॅन्टॅक आणि ॲसिलॉक. आपल्या आईवडिलांची पिढी त्याच्यावर वाढली. पण हिस्टामिन अडवलं तरी बाकीचे दोन निरोप चालूच राहतात.

स्वीडनमध्ये ॲस्ट्रा कंपनीच्या गटाने थेट पंपच पकडला. ओमेप्राझोल १९७९ मध्ये बनलं आणि १९८८ मध्ये बाजारात आलं. त्याच वर्षी ब्लॅक यांना नोबेल मिळालं. म्हणजे त्यांच्या औषधाचा सत्कार होत असतानाच त्याला मागे टाकणारं औषध दुकानात पोचत होतं.

आता इंजिनिअर म्हणून मला भावलेली गोष्ट. पीपीआयची गोळी पोटात पडते तेव्हा ती औषध नसतेच. तिच्यावर असं आवरण असतं की ती जठरात विरघळू नये, पुढे लहान आतड्यात विरघळावी. तिथून ती रक्तात जाते आणि रक्तातून फिरत परत पॅरायटल पेशीपाशी येते, मागच्या दाराने. आम्ल सोडणाऱ्या त्या घडीत शिरली की तिथल्या तीव्र आम्लामुळे तिचं रूप बदलतं, ती तिथेच अडकते आणि पंपाला कायमची चिकटते. म्हणजे जिथे आम्ल तयार होतंय, तिथेच ती जागी होते. जो पंप झोपलेला आहे, त्याला ती धरू शकत नाही.

आता यावरून तुम्हीच सांगा, गोळी कधी घ्यायची? सकाळी अनशापोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. रक्तात ती जेमतेम एक-दोन तास टिकते, आणि त्याच वेळात पंप जागे व्हायला हवेत. ते जागे होतात खाल्ल्यावर. म्हणजे गोळी घेऊन नाश्ताच केला नाही, एकदम दुपारी दीडला डबा उघडला, तर औषध येऊन गेलं आणि पंप नंतर उठले. आपल्याकडे उलट चालतं. रात्री बिर्याणी हाणली, साडेअकराला जळजळ सुरू झाली, मग गोळी. तेव्हा खरं तर चमचाभर अँटासिड जास्त उपयोगी पडेल, कारण पीपीआयचा पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. रोज थोडे थोडे पंप बंद होत जातात. आणि ते परत चालू होतात ते कसे? चिकटलेलं औषध सुटून नाही. पेशी नवे पंप बनवते म्हणून. त्यामुळे गोळी रक्तातून दोन तासांत गेली तरी परिणाम दिवसभर राहतो. आणि हो, गोळी चावायची नाही, कुटायची नाही. आवरण फुटलं की ती जठरातच वाया जाते.

औषध उत्तम आहे, यात वादच नाही. १९७० च्या दशकापर्यंत अल्सर म्हणजे पोटाचं ऑपरेशन. जठराचा तुकडा कापायचे, मज्जातंतू कापायचे. मग ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू आहे. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जीवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन टाकलं आणि स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल. आज त्या जीवाणूवर उपचार म्हणजे अँटिबायोटिक्स अधिक पीपीआय, साधारण दोन आठवडे. ऑपरेशन टेबलावरचा आजार गोळ्यांच्या कोर्सवर आला. या औषधाचं हे श्रेय आहेच.

पण "कोर्स" हा शब्द लक्षात ठेवा. जीवाणूसाठी दोन आठवडे. छातीतल्या जळजळीसाठी, अन्ननलिकेला सूज असेल तर, चार ते आठ आठवडे. अमेरिकेत ओमेप्राझोल २००३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, पण पाकिटावर लिहिलेलं असतं: १४ दिवस घ्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चार महिन्यांत पुन्हा कोर्स करू नका. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा नियम, आणि घेणारे घेतात आठ वर्षं.

आठ वर्षं हा आकडा हवेतला नाही. माझी आई.

२०१६ मध्ये आईची कंबर धरली. डॉक्टरांनी दहा दिवस पेनकिलर दिली आणि तिच्यासोबत पॅन-डी. हे बरोबरच होतं. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात, वय आणि इतर गोष्टी बघून सोबत पीपीआय देतात. दहा दिवसांनी पेनकिलर थांबली. पॅन-डी कुणी थांबवली नाही, कारण थांबवा असं कुणी म्हणालंच नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "चालू औषधं कोणती?" आईने बीपीची सांगितली आणि ही सांगितली. त्यांनी लिहिलं, चालू ठेवा. तिसऱ्यांनी दुसऱ्यांची चिठ्ठी बघून तेच लिहिलं. आमच्या कामात असं होतं. जुन्या कोडमध्ये कुणीतरी तात्पुरती म्हणून एक ओळ टाकलेली असते, ती का आहे हे टीममध्ये कुणालाच माहीत नसतं, आणि काढायची हिंमत कुणी करत नाही, कारण काढली आणि काही बंद पडलं तर? फरक इतकाच की ती ओळ कुणाच्या पोटात जात नाही.

मागच्या वर्षी तिच्या पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. तपासणीत बी-१२ बरंच खाली. आई शाकाहारी, त्यामुळे सगळा दोष गोळीवर टाकणं चूक ठरेल. शाकाहारी घरांत बी-१२ तसंही कमीच सापडतं. पण अन्नातलं बी-१२ प्रथिनाला बांधलेलं असतं आणि ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. आधीच ताटात कमी, त्यात जे आहे ते सोडवणारं आम्ल आठ वर्षं दाबलेलं. डायबेटिस असेल आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी एक वजाबाकी. तर मंडळी, घरात कुणी शाकाहारी, मेटफॉर्मिनवर आणि वर्षानुवर्षं पॅन-डीवर असेल, तर एकदा बी-१२ तपासून घ्या.

पोटाच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी केली. अल्सर नाही, सूज नाही, जीवाणू नाही. त्यांनी फाइल उलटसुलट चाळली आणि विचारलं, "ही गोळी कशासाठी चालू आहे?" आई म्हणाली, "पित्तासाठी." "पित्त कधी झालं होतं?" आई माझ्याकडे बघायला लागली. तिला पित्त झालंच नव्हतं हो. कंबर दुखली होती.

मग सोपं वाटलं आम्हाला. कारण नाही, तर गोळी बंद. डॉक्टरांनी आधीच बजावलं की बंद केल्यावर जळजळ होईल, आधी नव्हती तशी होईल, आणि तुम्हाला वाटेल की बघा, गोळी लागतेच.

हे का होतं, ते नीट ऐका, कारण वर्षानुवर्षं गोळी न सुटण्यामागे हे एक मोठं कारण आहे. पीपीआयमुळे आम्ल कमी झालं की शरीराला वाटतं काहीतरी गडबड आहे. ते गॅस्ट्रिन वाढवतं. गॅस्ट्रिन म्हणजे "आम्ल बनवा" हा निरोप. महिनोन्महिने हा निरोप ओरडून दिला जातो, हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी वाढतात, पण पंपच बंद असल्यामुळे काही होत नाही. ज्या दिवशी गोळी थांबते, त्यानंतर नवे पंप तयार होतात आणि समोर हा वाढलेला आरडाओरडा. काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षा जास्त बनतं. याला रिबाउंड म्हणतात.

हे आधीपासून आजारी असलेल्यांनाच होतं का? डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. १२० निरोगी माणसं घेतली, ज्यांना ॲसिडिटीचा काहीही त्रास नव्हता. अर्ध्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि मग चार आठवडे नुसती साखरेची म्हणावी तशी खोटी गोळी. उरलेल्यांना बाराही आठवडे खोटी गोळी. शेवटच्या चार आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट पाणी असा त्रास झाला. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. म्हणजे चांगल्या माणसाला आठ आठवडे गोळी दिली आणि काढून घेतली, तर त्याला गोळी लागेल असा त्रास तयार होऊ शकतो. आता हेच तुमच्या फ्लॅटमेटला लावून बघा, जो सहा महिने घेतो, सोडतो, आठवड्याने जळजळ होते, आणि म्हणतो, "माझी ॲसिडिटी क्रॉनिक आहे यार."

आईचं मग असं झालं. आधी पॅन-डीमधला डी गेला, म्हणजे डॉमपेरिडोन. मग साधं पॅन्टोप्राझोल ४० चं २० केलं, चार आठवडे. मग एक दिवसाआड. मग बंद, आणि जळजळ झाली तर तेवढ्यापुरतं अँटासिडचं औषध. एकदम थांबवलं तरी चालतं असं म्हणणारे डॉक्टरही आहेत, दोन्ही पद्धती मान्य आहेत. आईने कालनिर्णयवर ज्या दिवशी जळजळ त्या चौकोनात पेनाने टिंब द्यायला सुरुवात केली. बंद केल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पान टिंबांनी भरलं. एका रात्री दोन वाजता उठून बसली होती. म्हणाली, "अगं, आठ वर्षं छान चाललं होतं, कशाला हात लावलात?" त्या रात्री तिच्या प्रश्नाला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी अँटासिड दिलं, उशाला उशी लावून दिली आणि बाजूला बसले. पुढच्या पानावर टिंबं विरळ झाली. त्याच्या पुढच्या पानावर चार.

आता मामा.

वरचं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की पीपीआय म्हणजे खलनायक. व्हॉट्सॲपवर तसे मेसेज फिरतातच. "पित्ताची गोळी घेताय? किडनी गेलीच समजा." माझ्या मामाची अँजिओप्लास्टी झालेली. स्टेंट टाकल्यावर रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि सोबत पॅन्टोप्राझोल. त्याला असाच एक फॉरवर्ड आला. माणूस वाचतो भरपूर, स्वतःचं डोकं चालवतो. त्याने कुणाला न विचारता तिघांतली "बिनमहत्त्वाची" गोळी बंद केली. साधारण दीड महिन्याने त्याला उभं राहिलं की चक्कर यायला लागली. शी डांबरासारखी काळी होत होती, पण ते सांगायला त्याला लाज वाटली. मामीच्या लक्षात आलं तोवर हिमोग्लोबिन सहावर. अल्सरमधून रक्तस्राव. दोन बाटल्या रक्त, चार दिवस ॲडमिट.

त्याच्या बाबतीत ती गोळी पित्तासाठी नव्हतीच. रक्त पातळ करणाऱ्या दोन औषधांच्या समोर जठराचं रक्षण करायला होती. आईच्या फाइलमधली आणि मामाच्या फाइलमधली गोळी एकच, ४० मिलिग्रॅम, त्याच रंगाची. एकीची थांबवायलाच हवी होती, दुसऱ्याची थांबवणं जिवावर बेतणार होतं. अमेरिकेतल्या पोटविकार डॉक्टरांच्या संघटनेचा २०२२ चा सल्लाही असाच आहे: ज्यांना ठोस कारण नाही त्यांची गोळी थांबवायचा विचार करा, ज्यांना रक्तस्रावाचा धोका जास्त आहे त्यांची थांबवू नका, आणि नुसत्या दुष्परिणामांच्या भीतीने तर निर्णय घेऊच नका.

मग ते किडनीचं खरं की खोटं? दोन प्रकारचे पुरावे आहेत. एक, मोठ्या नोंदवह्या चाळून काढलेले. त्यात पीपीआय घेणाऱ्यांना किडनीचे आजार, फ्रॅक्चर, स्मृतिभ्रंश जास्त दिसले. पण पीपीआय घेतं कोण? आधीच वयस्कर, आधीच चार आजार असलेली माणसं. छत्री घेणाऱ्यांचे बूट जास्त ओले असतात, म्हणून छत्रीमुळे बूट ओले होतात असं नाही. दुसरा प्रकार म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी. कंपास नावाच्या चाचणीत १७,५९८ हृदयरुग्णांना पॅन्टोप्राझोल किंवा खोटी गोळी दिली, सरासरी तीन वर्षं पाहिलं, निकाल २०१९ मध्ये आला. किडनी, फ्रॅक्चर, स्मृतिभ्रंश यांत ठळक फरक निघाला नाही. आतड्याचे संसर्ग मात्र वाढले: १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. त्यालाही कारण आहे, आम्ल हे जंतूंविरुद्धचं आपलं फाटक आहे. बाहेरची पाणीपुरी खाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तीन वर्षं म्हणजे दहा वर्षं नव्हेत, हे मान्य. किडनीला अचानक ॲलर्जीसारखी सूज येणं हा दुर्मीळ पण खरा दुष्परिणाम आहे. बराच काळ घेतल्यावर मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, त्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये दिलाय. आणि क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल टाळतात, कारण ते क्लोपिडोग्रेलला कामाला लावणाऱ्या एन्झाइममध्ये अडथळा आणतं. मामाला ओमेझ न देता पॅन्टोप्राझोल दिलं होतं ते उगाच नव्हे.

आणि तो डी? पॅन-डीच्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलबरोबर ३० मिलिग्रॅम डॉमपेरिडोन असतं. ते मळमळ-उलटीचं औषध, जठर लवकर रिकामं करतं. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा थोडा धोका असल्यामुळे युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्ये सांगितलं की ते फक्त मळमळ-उलटीसाठी, १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि शक्यतो आठवडाभरापेक्षा जास्त नको. अमेरिकेत त्याला मंजुरीच नाही. आपल्याकडे ते जळजळीसाठी महिनोन्महिने खाल्लं जातं, बहुतेकांना आत दुसरं औषध आहे हेही माहीत नसतं. माझं मत विचाराल तर, मळमळ नसताना हे जोडपं रोज घेण्यात काही अर्थ नाही. डॉक्टरांना एवढं विचारायला हरकत नाही: "डी कशासाठी?"

आता तुमचे काही मेसेज आले होते, ते घेते.

"रात्री अकराला यूएसबरोबर कॉल असतो, त्यानंतर जेवण, मग झोप. ॲसिडिटी होणारच ना?" बघा, बहुतेकांच्या जठरात आम्ल जास्त बनत नसतं. ते चुकीच्या जागी, वर अन्ननलिकेत, येतं. मधली झडप सैल होते आणि आपण भरल्या पोटाने आडवे होतो. पीपीआय ते वर येणं थांबवत नाही, वर आलेलं कमी आंबट करतं, इतकंच. त्यामुळे कॉलच्या आधी जेवा. झोप आणि जेवण यांत दोन-तीन तास ठेवा. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा. दोन उशा घेतल्या तर पोटच दुमडतं, आईलाही नंतर आम्ही पायांखाली लाकडी ठोकळे लावले. डाव्या कुशीवर झोपा. वजन वाढलं असेल तर ते कमी करणं यात सगळ्यात जास्त कामाला येतं, आणि सगळ्यात कंटाळवाणं आहे.

"रॅनटॅकच बरी होती का?" रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए नावाचं कर्करोगाशी जोडलेलं रसायन सापडलं, म्हणून २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला सांगितलं. आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते २०२२ मध्ये निघालं. त्याच घराण्यातलं फॅमोटिडीन मिळतं, आणि पीपीआय सोडताना डॉक्टर कधी कधी मधल्या काळासाठी ते देतात.

"छातीत जळजळ झाली की गोळी घेऊन वाट बघावी का?" घाम, धाप, दुखणं जबड्यात किंवा हातात जाणं, जिना चढताना वाढणं, यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही. ईसीजी. तरुण आहे, पित्त असेल, असं म्हणून बसू नका. तसंच घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, रक्ताची उलटी, काळी शी, ही लक्षणं गोळीने दाबायची नाहीत. शी काळी झाली तर लाजायचं नाही. हा निरोप मामीकडून आहे.

शेवटचा. "जीवाणूची तपासणी करायची आहे, पॅन चालू आहे, चालेल का?" श्वासाची किंवा शौचाची तपासणी असेल तर साधारण दोन आठवडे आधी पीपीआय थांबवायला सांगतात, कारण गोळीमुळे जीवाणू दबतात आणि असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. पण कधी थांबवायची हे तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, आणि सोबत रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. लॅबमध्ये हे विचारतीलच असं नाही.

चला, पुढचा भाग पंधरा दिवसांनी. तोपर्यंत घरातली औषधांची फाइल काढून प्रत्येक गोळीपुढे "ही कशासाठी" एवढंच लिहून बघा. ज्या गोळीपुढे काही लिहिता येणार नाही, ती फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा.